जू ते हूक : अहमदनगर जिल्ह्यातील ऊसवाहतुकीच्या जोडणीचा इतिहास

प्रस्तावना

वाहतुकीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने ओढणाऱ्या शक्तीकडे जाते. बैल, वाफेचे इंजिन, मोटार आणि ट्रॅक्टर या क्रमाने प्रगतीची मांडणी केली जाते. ओढणारा आणि ओढले जाणारे यांना बांधून ठेवणारी जोडणी मात्र या मांडणीत सहसा उपेक्षित राहते. वस्तुतः ओझे किती, ते कोणाच्या अंगावर आणि त्याची जबाबदारी कोणाची, या तिन्ही प्रश्नांचा निर्णय जोडणीपाशी होतो.

हा मुद्दा एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होतो. युरोप-अमेरिकेत एखाद्या उंची सेडान मोटारीच्या मागे ट्रेलर ओढण्यासाठी गोळ्याचा हूक बसवून घेण्याची पद्धत आहे. मोटारीचे इंजिन ताकदवान असते, त्यामुळे ओढण्याची शक्ती हा प्रश्न नसतोच. प्रश्न असतो तो मागच्या मऊ स्प्रिंगांचा, सांगाड्याविना बांधलेल्या पत्र्याच्या अंगाचा, हुकावर पडणाऱ्या उभ्या भाराचा आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत की नाहीत याचा. हूक मागच्या आखाच्याही मागे असतो. त्यावर भार अधिक पडला तर मोटारीचे नाक उचलले जाते आणि पुढची चाके रस्त्यावरील पकड सोडू लागतात. म्हणूनच मोटारीचा उत्पादक किती वजन ओढावे आणि हुकावर किती भार यावा हे आकड्यांत नमूद करतो. तात्पर्य, आरामासाठी बनविलेल्या वाहनाला ओझे जोडावयाचे झाल्यास सर्वप्रथम जोडणीचा विचार करावा लागतो.

हाच प्रश्न अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ साली अधिकृत नामांतर : अहिल्यानगर) निराळ्या रूपात गेली सुमारे शंभर वर्षे उभा आहे. येथे ओझे उसाचे आहे. ते प्रथम बैलांच्या मानेला, नंतर ट्रॅक्टरच्या हुकाला आणि अलीकडे बैलगाडीसाठी बनविलेल्या टायरगाडीला लोखंडी दांडा लावून छोट्या ट्रॅक्टरला जोडले गेले. प्रस्तुत लेखात या बदलाचा ऐतिहासिक आढावा घेतला असून, जोडणी बदलत गेली तसतशी जोखीम कोणाकडून कोणाकडे सरकली याचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

१. जू : वजनाची देशी परिभाषा

बैलगाडीची जोडणी वरकरणी साधी दिसते. दांडीच्या टोकाला जू, जुवाच्या दोन्ही अंगांना शिवळा आणि बैलांच्या मानेखालून बांधलेली जोती, एवढीच ती सामग्री होय. परंतु या सामग्रीभोवती शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या जमविलेले यांत्रिक ज्ञान भाषेत साठलेले आहे. गाडीत माल मागे अधिक भरला की दांडी वर उचलली जाते, जोती बैलांच्या गळ्याला काचतात आणि गाडी ‘उलार’ झाली असे म्हणतात. माल पुढे अधिक भरला की जू मानेवर दाबले जाते आणि गाडी ‘धुरजड’ होते. चांगला गाडीवान या दोहोंचा मध्य साधतो. जू किंचित दबलेले असावे, पण मान सोलवटू नये, हा त्याचा दंडक असतो.

आधुनिक अभियांत्रिकी ट्रेलरच्या हुकावरील उभ्या भाराविषयी जे सांगते, तेच या दोन शब्दांत सांगितलेले आहे. हुकावरील भार कमी पडला तर ट्रेलर मागे डोलू लागतो, अधिक पडला तर पुढचे वाहन बिघडते. फरक इतकाच की बैलगाडीत या भाराचे मोजमाप करणारे साधन जिवंत होते. गाडी धुरजड झाली की बैल मान टाकीत, चालणे मंद होई, खांद्याला गाठ येई. उतारावर गाडी अंगावर येऊ लागली की बैल पाय रोवून तिला थोपवीत. जोडणीत काही चुकले तर त्याची सूचना ताबडतोब मिळत असे, आणि तिची किंमत बैल व त्याचा मालक या दोघांना मोजावी लागे.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. जुवामुळे बैलांच्या मानेला होणाऱ्या जखमा हा खेड्यापाड्यांतील नित्याचा अनुभव होता. बंगळुरूच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक एन. एस. रामस्वामी यांनी १९७०च्या दशकात बैलगाडीच्या आधुनिकीकरणाचा प्रश्न देशपातळीवर मांडला, तेव्हा सदोष जू आणि लोखंडी धाव बसविलेली चाके या दोन गोष्टींवर त्यांनी बोट ठेवले होते. तथापि, जोडणीचे ज्ञान आणि जोडणीची जबाबदारी त्या व्यवस्थेत एकाच माणसाकडे होती, ही बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

२. कारखाना, रस्ता आणि टायरगाडी

अहमदनगर जिल्ह्याच्या उत्तर भागात ऊस आला तो कालव्यांच्या पाण्यावर. दुष्काळनिवारणाच्या धोरणातून गोदावरीचे कालवे आणि त्यामागोमाग प्रवरेचे कालवे तयार झाले. भंडारदरा धरणाचे काम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झाले. १८७८ मध्ये सुरू झालेला दौंड-मनमाड रेल्वेमार्ग याच पट्ट्यातून जात होता. पाणी आणि रेल्वे या दोहोंच्या आधारे हरिगाव येथे बेलापूर कंपनीचा, तर पुढे टिळकनगर, साकरवाडी, लक्ष्मीवाडी आदी ठिकाणी खासगी साखर कारखाने उभे राहिले.

या खासगी कारखान्यांचा बराचसा ऊस त्यांच्या स्वतःच्या विस्तीर्ण मळ्यांतून येत असे. मळा आणि गव्हाण यांतील अंतर मर्यादित असल्याने वाहतुकीचे नियोजन सोपे होते. महाराष्ट्रातील काही खासगी कारखान्यांच्या मळ्यांत अरुंद रुळांच्या ट्रामचाही उपयोग होत असे. ट्राममधील डब्यांची जोडणी कारखान्याची, रूळ कारखान्याचे आणि त्यामुळे जबाबदारीही कारखान्याचीच होती.

सहकारी कारखान्यांच्या आगमनाने हे चित्र पालटले. विठ्ठलराव विखे पाटील यांचा पुढाकार आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे मार्गदर्शन यांतून लोणी येथे उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गाळप हंगाम १९५०-५१ मध्ये झाला. त्यापाठोपाठ कोपरगाव, राहुरी, संजीवनी, गणेश, अशोक, संगमनेर, श्रीगोंदा, मुळा, ज्ञानेश्वर, वृद्धेश्वर इत्यादी कारखाने उभे राहिले. आता ऊस कारखान्याच्या मळ्यातून येणार नव्हता. तो शेकडो गावांतील हजारो सभासदांच्या लहान-मोठ्या शेतांतून यावयाचा होता. तोडलेल्या उसातील साखर तासागणिक घटत असल्याने तो शक्य तितक्या लवकर, साधारणतः चोवीस तासांच्या आत, गाळला जाणे आवश्यक असते. म्हणून तोडणी आणि वाहतूक ही दोन्ही कामे कारखान्यांनी आपल्या नियोजनाखाली घेतली. समाजशास्त्रज्ञ बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगाव परिसरातील सहकारी कारखान्याच्या अभ्यासावर आधारलेला आपला ग्रंथ १९८० मध्ये प्रसिद्ध केला. सहकारी कारखान्यातील सत्तासंबंधांच्या त्या अभ्यासानंतर कारखान्याच्या राजकारणाची चर्चा पुष्कळ झाली. वजनकाट्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीकडे मात्र तितकेसे लक्ष गेले नाही.

ही गाडी म्हणजे टायरगाडी. लाकडी चाकाच्या गाडीत टनभर ऊस भरणेही जड जाई, आणि तिच्या लोखंडी धावा कच्चे व डांबरी असे दोन्ही रस्ते उखडीत. हवेच्या टायरची चाके आणि लोखंडी आख बसविल्यावर तीच बैलजोडी दीड-दोन टन ऊस ओढू लागली. अनेक कारखान्यांनी अशा गाड्या स्वतः तयार करवून घेऊन तोडणी कामगारांना भाड्याने दिल्या. भाडे बिलातून कापले जाई. येथे जोडणीच्या इतिहासातील पहिली फाळणी झाली. गाडी कारखान्याची झाली, पण बैल कामगाराचे राहिले. चाक सुधारले, जू मात्र तेच राहिले. ओझे वाढले ते कारखान्याच्या चाकांमुळे, आणि ते सोसले कामगाराच्या बैलांनी.

हे कामगार मुख्यतः पाथर्डी, शेवगाव, जामखेड या जिल्ह्यातील अवर्षणप्रवण तालुक्यांतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून येत. १९७२च्या दुष्काळानंतर हे स्थलांतर अधिकच वाढले. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ धरावयाचा, आणि सहा महिने कारखान्याच्या गाडीतळावर कोप्या करून राहावयाचे, असा हा क्रम असे. उसाचे वाढे बैलांना चारा म्हणून आणि विकून चार पैसे मिळविण्यासाठी उपयोगी पडे. बैल मेला तर नुकसान कामगाराचे, कारण बहुधा तो उचलीच्याच पैशातून घेतलेला असे. तरीही गाडीवान कामगाराला एक गोष्ट उपलब्ध होती. तोडणीच्या मजुरीबरोबरच वाहतुकीचा दरही त्याच्या पदरी पडत असे. जू त्याचे होते म्हणून वाहतुकीतील हिस्साही त्याचा होता.

३. छावणीतील मोटार : दुसरी परंपरा

ऊसपट्ट्यात टायरगाडी रुळत असताना त्याच जिल्ह्यात वाहनविद्येची दुसरी एक परंपरा स्थिरावलेली होती. अहमदनगरची छावणी ब्रिटिश काळापासून चिलखती दलाच्या प्रशिक्षणाशी निगडित आहे. तेथील आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलच्या रणगाडा संग्रहालयात, जे १९९४ मध्ये सुरू झाले, रोल्स-रॉइसच्या चिलखती गाडीचा समावेश आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ही गाडी विशेष बोलकी ठरते.

रोल्स-रॉइसची ‘सिल्व्हर घोस्ट’ ही त्या काळातील सर्वांत उंची प्रवासी मोटारींपैकी एक होती. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी, १९१४ मध्ये, याच मोटारीच्या सांगाड्यावर चिलखत आणि मशिनगनचा मनोरा चढविण्यात आला. गाडीचे वजन चार टनांच्या पुढे गेले. परंतु हे ओझे चढविण्यापूर्वी मागच्या स्प्रिंगा भक्कम करण्यात आल्या आणि मागच्या बाजूला दुहेरी चाके बसविण्यात आली. आरामाचे वाहन ओझ्याच्या कामाला लावताना कोठे आणि किती भार पडेल याचा हिशेब आधी केला गेला. हे शक्य झाले याचे एक कारण असे की त्या काळच्या मोटारी शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर बांधलेल्या असत. वरचे अंग काढून दुसरे बसविले तरी सांगाडा भार पेलीत असे. पुढे प्रवासी मोटारींतून हा स्वतंत्र सांगाडा जवळजवळ नाहीसा झाला आणि पत्र्याचे अंग हेच भार वाहणारे अंग बनले. आजच्या सेडानला हूक बसविणे नाजूक काम ठरते त्याचे मूळ येथे आहे. सांगाड्यावर ओझे ओढण्याचे काम जीप, ट्रक आणि ट्रॅक्टर यांच्याकडे राहिले.

छावणीची ही परंपरा स्वातंत्र्यानंतर अधिक संस्थात्मक झाली. संरक्षण मंत्रालयाची वाहन संशोधन व विकास संस्था (व्हीआरडीई) अहमदनगर येथे कार्यरत झाली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार वाहनाचा नमुना विक्रीपूर्वी ज्या संस्थांकडून तपासून घ्यावयाचा असतो, त्या संस्थांच्या यादीत पुण्याच्या एआरएआय आणि मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र संस्थेबरोबरच या संस्थेचेही नाव आहे. याचा अर्थ असा की, देशातील वाहनांना योग्यतेचे प्रमाणपत्र देण्यास नियमाने अधिकृत केलेली एक संस्था ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याच्या रस्त्यांवर कोणत्याही तपासणीविना तयार झालेल्या जोडण्या हंगामभर धावतात. ही केवळ विसंगती म्हणून सोडून देण्याजोगी बाब नाही. छावणीतील जोडणी कागदावर आखली जाते, तर ऊसपट्ट्यातील जोडणी गावच्या वेल्डिंगच्या दुकानात तयार होते. दोन्हींमागे कौशल्य आहे. पण पहिलीमागे भाराचा लेखी हिशेब असतो आणि दुसरीमागे हंगाम सुरू होण्याची घाई असते.

४. ट्रॅक्टरचा हूक

ट्रॅक्टर हे मुळात शेतात अवजारे ओढण्यासाठी बनलेले यंत्र होय. हॅरी फर्ग्युसन याने १९२०च्या दशकात विकसित केलेली आणि १९३९ पासून फोर्डच्या ट्रॅक्टरवर सर्वत्र पसरलेली तीन बिंदूंची जोडणी ही या यंत्राच्या इतिहासातील क्रांती मानली जाते. तिचा हेतूच असा होता की नांगराचा भार ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर यावा आणि ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊ नये. भारतात १९६०च्या दशकाच्या आरंभी ट्रॅक्टरचे उत्पादन सुरू झाले. अहमदनगरच्या बागायती पट्ट्यात ट्रॅक्टर आला तो नांगरटीसाठी. परंतु वर्षातील थोडे दिवस नांगरट करून बँकेचे हप्ते फिटत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल चालणारा गाळप हंगाम हे ट्रॅक्टरमालकासाठी हप्त्यांचे हक्काचे साधन ठरले.

अशा रीतीने नांगराचे यंत्र रस्त्यावरील मालवाहू बनले, आणि त्याला एकामागे एक अशा दोन ट्रॉल्या जोडण्याची पद्धत रूढ झाली. पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन सुमारे दोन टन असते. त्यामागील दोन ट्रॉल्यांतील ऊस वीस टनांच्या घरात जातो. बैलजोडीच्या मागे तिच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट ओझे असे, तर ट्रॅक्टरमागे ते जवळपास दसपट झाले. ट्रॉल्यांना बहुधा ब्रेक नसतात. चंदनापुरी किंवा करंजी घाटासारख्या उतारावर वीस टनांचे ओझे दोन टनांच्या यंत्राला पुढे ढकलीत असते, आणि त्याला अडविणारी गोष्ट म्हणजे ट्रॅक्टरचे ब्रेक व एक लोखंडी पिन एवढीच असते.

बैलगाडीच्या परिभाषेत पाहिल्यास दुहेरी ट्रॉलीचा दोष अधिक स्पष्ट होतो. दोन चाकांच्या ट्रॉल्यांमध्ये दुसरी ट्रॉली धुरजड भरली तर तिचा दांडा पहिल्या ट्रॉलीची शेपटी खाली दाबतो. त्यामुळे पहिली उलार होते, आणि तिचा दांडा ट्रॅक्टरचा हूक वर उचलू पाहतो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरील भार हलका होऊन त्यांची पकड सुटू लागते. याउलट हूक आखाच्या वरच्या पातळीवर बसविलेला असेल तर चढावर जोर लावताना ट्रॅक्टरचे नाक उचलले जाते. ज्या शेतकऱ्याच्या बोलीत ‘उलार’ आणि ‘धुरजड’ हे शब्द आहेत, त्याला हे सांगण्याची गरज नसते. परंतु ट्रॉली भरणारा आता तो नसतो. मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढणाऱ्या टोळीला ट्रॉली लवकरात लवकर भरावयाची असते. ट्रॅक्टरचालकाला दिवसातून अधिक खेपा करावयाच्या असतात. ट्रॅक्टर मान टाकीत नाही, म्हणून पूर्वी बैलाकडून मिळणारी सूचना आता मिळत नाही. ती मिळते तेव्हा पिन तुटलेली असते.

या बदलाचा सामाजिक परिणामही तितकाच मोठा आहे. टायरगाडीवाल्या कामगाराकडे वाहतुकीचा दर होता. ट्रॅक्टर किंवा ट्रकच्या टोळीतील कामगाराकडे केवळ तोडणी आणि भरणी उरली. वाहतूक ट्रॅक्टरमालकाची झाली. या मालकालाही सुखाचे दिवस आले असे नव्हे. कारखान्याशी करार करून टोळी आणण्याची जबाबदारी त्याच्यावर आली. मुकादम उचल घेऊन फिरकला नाही तर ते कर्ज त्याच्या माथी बसू लागले. एकूण साखळीत कारखान्याचा संबंध करारापुरता राहिला आणि जोडणीची जोखीम रस्त्यावरील माणसांमध्ये विभागली गेली.

५. कायद्याच्या भाषेतील ट्रेलर

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये ट्रेलरची व्याख्या अर्धट्रेलर आणि साइडकार वगळता मोटार वाहनाने ओढले जाणारे किंवा ओढण्यासाठी असलेले कोणतेही वाहन अशी आहे. ही व्याख्या जोडणीवर आधारलेली आहे. वाहन कशाचे बनले आहे याला तीत महत्त्व नाही, ते कोणाच्या मागे जोडले आहे याला आहे. १९८९च्या रस्ता-नियमावलीने मोटार वाहनामागे काय ओढता येईल याची मर्यादा घातली होती. बंद पडलेले किंवा जुळणी पूर्ण न झालेले मोटार वाहन, नोंदणीकृत ट्रेलर आणि साइडकार यांखेरीज काहीही ओढण्यास मनाई होती. २०१७ मध्ये या नियमावलीच्या जागी नवी नियमावली आली. कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत वाहनाच्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल करण्यावर बंधने आहेत, आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये घेतली. उंची सेडानच्या मालकाने हौसेने हूक बसवून घेतला तर त्याच्यासमोर हेच प्रश्न उभे राहतात. बदल मान्य आहे काय, मागील ट्रेलर नोंदलेला आहे काय, आणि अपघात झाल्यास विमा लागू होईल काय?

ऊस ओढणाऱ्यासमोरही प्रश्न हेच आहेत. फरक असा की त्याच्या ट्रॉलीवर माणसे बसलेली असतात. हंगामाच्या आरंभी आणि अखेरीस संपूर्ण टोळी भांडीकुंडी, लेकरेबाळे आणि धान्याच्या पोत्यांसह ट्रॉलीतूनच गावाहून कारखान्यावर आणि कारखान्याहून गावी जाते. ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीवरून प्रवास करणाऱ्या मजुराच्या अपघाताचा प्रश्न २००७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता होता आणि ट्रॉलीचा विमाच नव्हता. विमा कंपनीवर कायदेशीर दायित्व येत नाही, असे न्यायालयाने मानले. तथापि, जखमी मजूर गरीब असल्याचे लक्षात घेऊन कंपनीने भरपाई आधी द्यावी आणि ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश न्यायालयाने आपल्या विशेष अधिकारात दिला. न्यायालयाची ही उदारता त्या एका प्रकरणापुरती होती. तिच्यावर विसंबून हजारो कुटुंबांनी प्रवास करावा अशी व्यवस्था कोणत्याही समाजाला भूषणावह नाही.

६. जुगाड : जोडणीचे तिसरे रूप

गेल्या दोन दशकांत ऊसपट्ट्यात ‘जुगाड’ नावाचा प्रकार रूढ झाला. बैल बाळगणे महाग झाले, वर्षभर त्यांचा चारा पुरविणे अशक्य झाले. मग टायरगाडीचे जू काढून तिला लोखंडी दांडा वेल्ड करावयाचा आणि अशा एक किंवा दोन गाड्या छोट्या ट्रॅक्टरला जोडावयाच्या, अशी युक्ती निघाली. टोळीतल्याच एखाद्या कुटुंबाने कर्ज काढून छोटा ट्रॅक्टर घ्यावा आणि गमावलेला वाहतुकीचा दर पुन्हा मिळवावा, असा तिच्यामागचा आर्थिक हिशेब आहे. त्या अर्थाने जुगाड ही कामगाराने आपले जू परत मिळविण्याची धडपड आहे, आणि तिच्याकडे केवळ नियमभंग म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल.

परंतु तांत्रिकदृष्ट्या ही सर्वांत दुबळी जोडणी आहे. टायरगाडीचा आख, तिचा पाया आणि तिची चाके बैलाच्या चालीसाठी, म्हणजे ताशी तीन-चार किलोमीटरसाठी, बनविलेली असतात. तीच गाडी आता ट्रॅक्टरच्या वेगाने धावते. तिला दिवा नाही, ब्रेक नाही, क्रमांक नाही. बैल जुंपलेले असताना ती कायद्याच्या दृष्टीने बैलगाडी होती. दांडा वेल्ड होऊन पिन घातली गेली त्या क्षणी ती ट्रेलर झाली. गाडी तीच राहिली, माणसे तीच राहिली, पण एका पिनेने त्यांना नियमाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेले. आणि हा बदल कोणत्याही दप्तरात नोंदला गेला नाही.

नगर-मनमाड रस्ता हे या साऱ्याचे एकत्र दर्शन घडविणारे ठिकाण होय. राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर, राहाता या मार्गाने शिर्डीला जाणाऱ्या भाविकांच्या उंची मोटारी आणि कारखान्यांकडे निघालेल्या दुहेरी ट्रॉल्या हिवाळ्यातील रात्री एकाच रस्त्यावर असतात. एकीकडे ताशी शंभराच्या वेगासाठी बनलेली सेडान, तर दुसरीकडे मागे दिवा नसलेला आणि रुंदीबाहेर उसाची टोके आलेला ट्रॉलीचा ठिपका. परावर्तक पट्ट्या लावण्याच्या मोहिमा हंगामाच्या आरंभी घेतल्या जातात, आणि त्या उपयुक्तच आहेत. पण पट्टी मागून येणाऱ्याला सावध करते. जोडणी तुटल्यावर सुटलेली ट्रॉली कोणाच्या अंगावर जाईल हे पट्टी ठरवू शकत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून जोडणीच्या इतिहासाचे तीन टप्पे दिसून येतात. पहिल्या टप्प्यात, जुवाच्या काळात, जोडणीचे ज्ञान, मालकी आणि जोखीम एकाच माणसाकडे होती. दुसऱ्या टप्प्यात, टायरगाडीच्या काळात, चाके कारखान्याची आणि जू कामगाराचे अशी वाटणी झाली. तिसऱ्या टप्प्यात, हुकाच्या काळात, ज्ञान वेल्डिंगवाल्याकडे, मालकी कर्जदार ट्रॅक्टरवाल्याकडे, भरणी टोळीकडे आणि वेळापत्रक कारखान्याकडे गेले. जोखीम मात्र त्या-त्या वेळी ट्रॉलीवर बसलेल्या किंवा तिच्या मागून येणाऱ्या माणसाकडे उरली. ऊसतोडणी यंत्रे आणि त्यांच्याबरोबर शेतात फिरणाऱ्या इनफिल्डर ट्रॉल्या आल्याने हा प्रश्न संपणार नाही, कारण यंत्राने तोडलेला ऊसही रस्त्याने हुकालाच जोडून न्यावा लागतो.

यावरील उपाय शोधताना सहकारी कारखान्याच्या रचनेतील एका वैशिष्ट्याकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. जिल्ह्यातील प्रत्येक ट्रॉली प्रत्येक खेपेला कारखान्याच्या वजनकाट्यावर थांबते. तिचे भरलेले आणि रिकामे वजन तेथे नोंदले जाते, आणि त्याच नोंदीवर सभासदाला उसाचे व वाहतूकदाराला भाड्याचे पैसे मिळतात. मर्यादेबाहेरील ओझ्याचा सर्वांत बिनचूक पुरावा कोणत्याही परिवहन कार्यालयाकडे नसून कारखान्याच्या स्वतःच्या पावतीपुस्तकात आहे. दर टनावर असल्याने अधिक भरणाऱ्याला अधिक पैसे मिळतात, म्हणजे कारखान्याचा दरच जोडणीवरील भार वाढवीत असतो. ज्या काट्यावर वजन मोजले जाते, त्याच काट्यावर पिन, दांडा, साखळी आणि दिवा यांची तपासणी होऊ शकते. ज्या ट्रॉलीची जोडणी सदोष आहे तिला पुढची पाळी न देण्याचा अधिकारही कारखान्याकडेच आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातील कृषी अभियांत्रिकीचे ज्ञान आणि नगरच्या छावणीतील वाहनतपासणीचा अनुभव या जिल्ह्यातच उपलब्ध आहे. टायरगाडीसाठी भक्कम, स्वस्त आणि प्रमाणित दांडा व ब्रेक तयार करणे हे या दोन परंपरांना एकत्र आणणारे काम ठरेल.

सहकाराने शेतकऱ्याला कारखान्याचा मालक केले, ही या जिल्ह्याची महाराष्ट्राला मिळालेली देणगी आहे. परंतु सहकाराची कक्षा गव्हाणीपासून सुरू होते आणि फडापासून गव्हाणीपर्यंतचा रस्ता तिच्या बाहेर राहतो, असे आतापर्यंतच्या इतिहासावरून दिसते. ती कक्षा ट्रॉलीच्या पिनेपर्यंत वाढविणे ही तांत्रिक सुधारणा तर आहेच, शिवाय ती सहकाराच्या मूळ विचाराशी सुसंगत अशी पुढची पायरीही आहे.